नळीची आतली बाजू

हिंदुरावांनी सुनेच्या कंपनीला पहिल्यांदा रक्त दिलं ते वैतागून.

ऋतुजा पुण्याजवळच्या शिवणे गावातल्या एका शेडमध्ये कामाला जायची. पॉलिमरमध्ये एम.एस्सी. केलेली सून शेवटी नळ्या बनवते, हे हिंदुरावांच्या पचनी पडत नव्हतं. वारज्यातली त्यांची थोडी जमीन हायवेत गेली होती, उरलेली बिल्डरकडे. त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत त्यांचे दोन फ्लॅट होते. मुलगा समर्थ हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत. घरात कशाची ददात नव्हती. मग सुनेनं रोज उठून प्लास्टिकच्या नळ्या करायला कशाला जायचं?

"मामा, साध्या नळ्या नाहीत त्या," एकदा जेवताना ऋतुजा म्हणाली. "माणसाच्या शिरेत घालतात. डायलिसिसला लागतात."

"मग त्यात काय एवढं? आमच्या ठिबकच्या नळीतनं बी पाणी जातंच की."

"पाणी जातं हो. रक्त गोठतं."

मग तिनं समजावून सांगितलं. रक्त फार संशयी असतं. शरीराबाहेरचं काही त्याला लागलं, मग ते काच असो, रबर असो की प्लास्टिक, की ते त्याच्यावर चिकटायला लागतं, गुठळी धरतं. त्यातल्या त्यात पॉलियुरेथेन हा पदार्थ ते जरा सोसून घेतं. शिवाय हा पदार्थ शिरेत घालताना ताठ असतो आणि आत गेल्यावर अंगाच्या उबेनं मऊ पडतो. पण हे सगळं कधी, तर नळीची आतली बाजू अगदी गुळगुळीत आणि स्वच्छ असली तर. ते तपासायला निरोगी माणसाचं ताजं रक्त लागतं, आणि त्या माणसानं कसलीही वेदनाशामक गोळी घेतलेली चालत नाही. शेडमधल्या सगळ्यांना तापाची साथ लागली होती आणि सगळ्यांनी गोळ्या खाल्ल्या होत्या. चाचणी अडून राहिली होती.

"रोजचं तुझं रगात रगात ऐकून जेवान जाईना," हिंदुराव म्हणाले. "घे माझं, आन् मिटव एकदाचं."

दुसऱ्या दिवशी ते खरंच शेडमध्ये आले. खुर्चीत बसून बाही वर केली. ऋतुजानं ते रक्त अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात ठेवलेल्या नळीतून फिरवलं, मग नळी धुऊन उभी चिरली आणि आतल्या बाजूचा मोठा केलेला फोटो काही दिवसांनी घरी आणून दाखवला. करड्या सपाट जागेवर तुरळक ठिपके होते.

"ह्ये काय?"

"तुमच्या रक्तातल्या पेशी. एवढ्याच चिकटल्या. परदेशी नळीवर याहून जास्त दिसतात."

हिंदुरावांनी तो फोटो बराच वेळ निरखला. त्यानंतर गावातल्या मारुतीच्या देवळासमोर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना ते सांगत सुटले, की आमच्या सूनबाईच्या नळीला माझं रगात चिकटलं न्हाई. पुढे प्रत्येक नव्या मालाच्या वेळी ते आपण होऊन विचारायचे, "कवा यायचं?" सासू मथुराबाई म्हणायच्या, "ह्यांना आता नोकरीच लागलीय तिथं."

कंपनीचे मालक सुदर्शन लिमये अमेरिकेत बरीच वर्षं काढून परत आलेले इंजिनिअर होते. बाजार खुला झाला, यंत्रं आणि कच्चा माल बाहेरून आणता यायला लागला, तसे ते इथे आले. बोलणं तिरकस, पण कामात चोख माणूस. इथले पेशंट एकच महागडी परदेशी नळी गळ्यात सडेपर्यंत ठेवतात, हे त्यांना सहन होत नसे. "आपण काही चंद्रावर यान पाठवत नाही," ते म्हणायचे, "पण निदान माणूस नळीपायी मरू नये." त्यांच्या नळ्या हळूहळू पुण्यातल्या आणि आसपासच्या बऱ्याच इस्पितळांत जायला लागल्या होत्या.

मग हिंदुरावांची साखर हाताबाहेर गेली. पाय सुजायला लागले, तोंडाची चव गेली. दोन हजार पाच सालच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत, डायलिसिसला पर्याय नाही. डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडण्याचं छोटं ऑपरेशन करायचं आणि ती जोडलेली शीर भरायला काही आठवडे जातील, तोवर गळ्यातून नळी घालायची.

"नळी कुनाची घालनार?" हिंदुरावांनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर हसले. "तुमच्या सूनबाईंच्याच कंपनीची वापरतो आम्ही."

"मग घाला."

त्यांच्या गळ्यात गेलेली नळी जून महिन्यातल्या मालाची होती.

त्या जूनमध्ये शिवण्याच्या बाजूला विजेची फार ओढाताण होती. कधी सांगून जायची, कधी न सांगता. पॉलियुरेथेनचे दाणे हवेतली ओल पटकन ओढून घेतात, म्हणून वितळवण्याआधी ते कित्येक तास गरम हवेत सुकवावे लागतात. ओले दाणे वितळवले तर पदार्थ आतून तुटतो आणि नळीत बारीक बुडबुडे धरतात. शेडचा जनरेटर नळी ओढणारं मशिन आणि धूळ चालत नाही अशा स्वच्छ खोलीची हवा एवढंच पेलायचा. सुकवणीचं यंत्र त्यावर नव्हतं. त्या दिवशी वीज मध्येच गेली, आली, पुन्हा गेली. नळीचा सुरुवातीचा भाग दुधी निघाला तो ऋतुजानं स्वतः फेकून दिला. पुढचा भाग काचेसारखा स्वच्छ होता.

"सर, हा सगळाच माल बाजूला ठेवू या का?" तिनं विचारलं होतं.

"डोळ्यांना काही दिसतंय?"

"नाही."

"ओढून बघा, फुगवून बघा, गळती बघा. पास झाला तर पास. इस्पितळांचे फोन येताहेत."

तिनं ओढून बघितलं, फुगवून बघितलं. कुठे काही नव्हतं. रक्ताची चाचणी करायची तर हिंदुराव आता रक्त देण्याजोगे राहिले नव्हते, दुसरा माणूस शोधायला हवा होता, फोटोसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेत नंबर लावायला हवा होता. तशी ती चाचणी प्रत्येक मालाची करायचीच असा नियमही नव्हता. तिनं माल पास म्हणून सही केली.

पहिले काही डायलिसिस सुरळीत झाले. हिंदुराव गळ्याभोवती मफलर गुंडाळून बसायचे, शेजारच्या पेशंटला सांगायचे, "ही नळी आमच्या घरची हाय." त्यांचा रंग थोडा सुधारला. भाकरीचा वास पुन्हा बरा वाटायला लागला. मग एक दिवस मशिन सारखं वाजायला लागलं. नळीतून रक्त पुरेसं येत नव्हतं. सिस्टरनं औषध सोडलं, नळी थोडी फिरवली, कसंबसं निभावलं. डॉक्टर म्हणाले, "होतं असं. नळी म्हटली की थोडंफार गोठतंच. पुढच्या वेळी नाही चाललं तर बदलू."

पुढच्या वेळी समर्थला ऑफिसातून निघता आलं नाही, म्हणून ऋतुजा त्यांच्याबरोबर गेली. सकाळची वेळ होती. हिंदुराव खुर्चीत मागे रेलले होते. मशिन पुन्हा वाजलं. सिस्टरनं पिचकारी लावून नळीत जोरात सलाइन ढकललं. हिंदुरावांना ठसका लागला. त्यांनी ऋतुजाकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि हात छातीशी नेला.

"मामा? मामा, काय होतंय?"

"दम..." ते म्हणाले.

ओठ निळे पडत गेले. सिस्टर धावत डॉक्टरांना आणायला गेली. मग सगळे आले, पडदा ओढला गेला, ऋतुजाला बाहेर काढलं. शेजारच्या खुर्च्यांवरचे पेशंट हालू शकत नव्हते. प्रत्येक जण आपापल्या मशिनला जोडलेला होता. ते सगळे त्या पडद्याकडे बघत राहिले. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. हिंदुराव गेले, गुठळी सुटून फुप्फुसात गेली असावी, असं त्यांनी सांगितलं.

ऋतुजा म्हणाली, "ती नळी मला द्याल?"

"कशाला?"

"मी बनवते ती."

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं, पण बाटलीत घालून नळी दिली. समर्थ आला तेव्हा तिनं ती बाटली पर्समध्ये ठेवली होती. त्याला काही सांगितलं नाही. त्या वेळी सांगण्यासारखं तिच्याकडेही काही नव्हतं. मनात फक्त जूनमधला तो दुधी तुकडा होता.

तेरावा झाला. पाहुणे गेले. ऋतुजा पाषाणच्या एका संशोधन संस्थेत गेली. तिथे तिची कॉलेजची मैत्रीण पूर्णिमा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करायची. त्यांनी ती नळी उभी चिरली. आतमध्ये तांबूस जाळं घट्ट बसलं होतं. ते एका जागी पूर्णपणे निघालं, तिथे खालची जागा दिसली. पडद्यावर देवीच्या व्रणांनी भरलेला चेहरा असावा तसं दिसत होतं. खड्डे, फुटलेले बुडबुडे, त्यांच्या चिरलेल्या कडा.

"हे वापरल्यामुळे झालं असेल का?" पूर्णिमानं विचारलं.

ऋतुजानं इस्पितळाच्या नोंदीवरून मालाचा क्रमांक जुळवून, शेडच्या कपाटात ठेवलेली त्याच मालाची न वापरलेली नळीही आणली होती. तीही तशीच निघाली. मग तिनं स्वतःचं रक्त काढून नळीतून फिरवलं. पूर्वी हिंदुरावांच्या फोटोत ठिपके होते. या नळीवर रक्तानं गालिचा घातला होता.

शुक्रवारी दुपारी तिनं ते फोटो सुदर्शन लिमयांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी एकेक करून बघितले. नेहमीप्रमाणे काही खोचक बोलतील असं तिला वाटलं. पण ते चष्मा काढून डोळे चोळत राहिले.

"किती गेल्यात या मालातल्या?"

"जवळजवळ सगळ्या, सर. काही अजून इस्पितळांच्या कपाटात असतील. काही माणसांच्या गळ्यात आहेत."

"एका मृत्यूवरून सिद्ध काहीच होत नाही, ऋतुजा. चांगल्या नळीतही गुठळी होते."

"होते. पण ही नळी चांगली नाही."

ते उठून खिडकीपाशी गेले. खाली शिफ्ट सुटत होती, बायका स्कार्फ बांधून स्कूट्या काढत होत्या.

"मला सोमवारपर्यंत वेळ द्या," ते म्हणाले. "वकिलांशी बोलतो, वितरकाला गाठतो. सोमवारी एकदम सगळ्यांना कळवू. आज तुम्ही एक फोन केलात की इस्पितळं आपल्या सगळ्याच नळ्या फेकून देतील, चांगल्यासुद्धा. मग पेशंटना काय घालतील?"

त्यात तथ्य होतं. ऋतुजाला ते पटलंही. शिवाय ती थकली होती, आणि कुणीतरी दुसऱ्यानं जबाबदारी घेतली याचं तिला बरं वाटलं. ती "ठीक आहे सर" म्हणाली.

रविवारी मथुराबाईंना घेऊन ती मंडईत गेली. नवरा गेल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांनी वांगी निवडली, भाव केला, कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीला दोन शब्द सुनावले. खूप दिवसांनी त्या पूर्वीसारख्या दिसल्या. ऋतुजा पिशवी धरून मागे उभी होती. पर्समध्ये मोबाइल होता आणि सगळ्या इस्पितळांचे नंबर तिला ठाऊक होते.

सोमवारी लिमये म्हणाले, वकिलांच्या मते आधी बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल हातात यायला हवा. ऋतुजा त्यांच्या केबिनमधून बाहेर आली, शेडच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिली आणि एकेका इस्पितळाला फोन करायला लागली. कुणी "बरं मॅडम" म्हटलं, कुणी नाव-गाव विचारून फोन आपटला, कुणी डॉक्टरांना दिला. दोन ठिकाणी पेशंटच्या गळ्यातली नळी लगेच काढतो म्हणाले. भोसरीच्या एका छोट्या इस्पितळातली सिस्टर म्हणाली, "आमच्याकडे एकाच पेशंटला घातली होती ती. बाळंतपणात किडनी बसलेली बाई होती. काल गेली ती, मॅडम. मशिनवरच गेली."

"काल?"

"हो. रविवारी. सुधारत होती खरं तर. एक-दोन आठवड्यांत डायलिसिस बंदच होणार होतं."

ऋतुजानं उरलेले फोन पुरे केले. मग ती घरी गेली आणि समर्थला आणि मथुराबाईंना समोर बसवून सगळं सांगितलं. वीज, ओले दाणे, सही, फोटो, भोसरीची बाई.

समर्थ वडिलांच्या फोटोकडे बघत म्हणाला, "म्हणजे तुला डाउट होता. आणि तरी दादांना तीच घालू दिलीस."

"त्या दिवशी माल पास झाला होता. त्यांच्या गळ्यात कुठल्या मालाची गेली ते मी पाहिलं नाही."

"का नाही पाहिलंस?"

मथुराबाई उठून आत गेल्या. त्या दिवसापासून त्या आपला चहा आपण करून घ्यायला लागल्या. ऋतुजानं वाढलेलं ताट समोर आलं की म्हणायच्या, "न्हाई मला भूक." आणि नंतर स्वयंपाकघरात उभ्यानं भाकरी खायच्या. भांडण नाही, आदळआपट नाही. हिंदुरावांबद्दल त्या समर्थशी बोलायच्या, तिच्याशी नाही.

ऋतुजानं सरकारी खात्याकडे लेखी तक्रार केली. माणसं आली, सील लावलं, कंपनीचा परवाना थांबवला. स्वच्छ खोलीत काम करणाऱ्या बायका घरी बसल्या. त्यातल्या एकीनं वारज्याच्या भाजीबाजारात ऋतुजाला गाठून विचारलं, "तुमचं काय मॅडम, नवरा आयटीत आहे. आम्ही काय करायचं?" चौकशीचा अहवाल आला, की माल सदोष होता, मात्र मृत्यूंशी त्याचा थेट संबंध निश्चित सांगता येत नाही. लिमयांनी मशिनं विकली. शेवटच्या दिवशी ऋतुजा किल्ल्या द्यायला गेली तेव्हा ते रिकाम्या शेडमध्ये उभे होते.

"तुम्ही बरोबर केलंत," ते म्हणाले. "आता कृपा करून मला कधी फोन करू नका."

दिवाळीनंतर एका दुपारी दारात एक तरुण माणूस उभा राहिला. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, हातात हेल्मेट.

"ऋतुजा मॅडम इथंच राहतात का? मी उत्तरेश्वर. भोसरीला पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करतो. मंदाकिनी माझी बायको."

तिला ते नाव माहीत नव्हतं. भोसरी म्हटल्यावर कळलं. तिनं त्याला आत बसवलं. मथुराबाई हॉलमध्येच होत्या, त्या उठल्या नाहीत.

"सिस्टरनं तुमचा नंबर दिला, तिथून पत्ता काढला," तो म्हणाला. "मला एकच विचारायचंय. नळीत काय होतं? कुणी सरळ सांगत नाही."

ऋतुजानं सरळ सांगितलं. सासऱ्यांना एके काळी सांगितलं होतं त्याहून साध्या शब्दांत सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

"शुक्रवारी."

"आणि फोन सोमवारी केला."

"हो."

"का?"

"मालकांनी सोमवारपर्यंत थांबा म्हटलं. मी थांबले."

"शुक्रवारीच केला असता तर?"

मथुराबाई तिच्याकडे बघत होत्या. ऋतुजा म्हणाली, "तर त्यांनी नळी काढली असती. मंदाकिनी वाचल्या असत्या का, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. बहुतेक वाचल्या असत्या."

उत्तरेश्वरनं हेल्मेट एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवलं. "गावाकडं सगळे म्हणतात, नशीब. डॉक्टर पण तेच म्हणाले, नशीब. मला वाटायला लागलं होतं की माझंच डोकं फिरलंय."

"बाळ कुनाकडं हाय?" मथुराबाईंनी विचारलं.

"आईकडं. उमरग्याला. मुलगी आहे." मग तो ऋतुजाला म्हणाला, "मी ग्राहक कोर्टात जाणार आहे. कंपनीवर. तुमचंही नाव घालणार आहे."

"घाला."

"आत्ता बोललात ते तिथं बोलाल?"

"बोलेन."

तो चहाला थांबला नाही.

रात्रीच्या जेवणाला समर्थला हे कळलं तेव्हा तो ताटावरून उठला. "तुला समजतंय का? तिथं तू हे बोललीस की उद्या तुझ्यावर गुन्हा दाखल होईल. घर जाईल आपलं."

"तुझ्या दादांसाठी कुणीच काही मागितलं नाही, समर्थ. त्याला तरी मागू दे."

"दादांचं नाव तू घेऊ नकोस," तो म्हणाला. त्या हिवाळ्यात त्यानं बंगलोरची बदली मागून घेतली. सुट्टीला आला की आईजवळ बसायचा.

खटला वर्षानुवर्षं चालला. कधी वकील आजारी, कधी ग्राहक कोर्टावर सदस्यच नेमलेले नाहीत. ऋतुजाची साक्ष झाली तेव्हा उत्तरेश्वरची मुलगी शाळेत जायला लागली होती. ऋतुजाला तिच्या धंद्यात पुन्हा कुणी घेतलं नाही. कर्वेनगरच्या एका क्लासमध्ये ती बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवत होती. घर गेलं नाही, गुन्हाही दाखल झाला नाही. कंपनी आता नव्हतीच, लिमये परत अमेरिकेला गेले होते, त्यामुळे भरपाई विमा कंपनीनं द्यायची होती, आणि विमा कंपनीचा वकील ती कमी करायला उभा होता.

त्यानं विचारलं, "बाई, आपण तज्ज्ञ आहात. चांगल्या नळीतही गुठळी होऊ शकते, हे खरं ना?"

"खरं आहे."

"मग या नळीमुळेच मृत्यू झाला असं आपण शपथेवर सांगू शकता?"

"नाही. पण ही नळी माणसाच्या शिरेत घालायच्या लायकीची नव्हती, आणि हे मला ती बाई जिवंत असताना कळलं होतं, हे शपथेवर सांगू शकते."

खोलीतला पंखा खडखडत होता. टायपिस्टला नीट ऐकू गेलं नाही. कोर्टाच्या अध्यक्षांनी ऋतुजाला वाक्य पुन्हा सांगायला सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा. ती तसं सांगत गेली, आणि टायपिस्ट मान वर न करता ते उतरवून घेत गेला.